परदेशी निघण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांत परदेश प्रवासाविषयीच्या प्रश्नांचा भरणा मोठा आहे. परक्या मुलखात भाषा कळणार नाही, रस्ता चुकेल, कोणी फसवेल, अशी धास्ती बहुतेक पत्रांतून दिसते. ती अगदीच निराधार नाही. पण मी आजवर मोडलेले जे प्रवास पाहिले, त्यांतले बहुतेक तारखेचा एक आकडा, नावातले एक अक्षर किंवा तिकिटावरची एक अट घरीच नीट न वाचल्यामुळे मोडले होते. म्हणून पुढच्या उत्तरांत कागदपत्रांवर मी मुद्दाम जास्त रेंगाळले आहे.

प्रश्न : आम्ही दोघे युरोपात पंधरा दिवसांसाठी जाणार आहोत. मधले तीन दिवस लंडनला जाऊन पुन्हा पॅरिसला परतायचे आहे. माझ्या पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर अडीच महिन्यांनी संपते. पासपोर्ट चालू असल्यामुळे काही अडचण येणार नाही, असे सगळे म्हणतात. ते बरोबर आहे का?

नाही, आणि तुम्ही हे वेळेवर विचारले हे फार बरे झाले. पासपोर्टची स्वतःची मुदत वेगळी आणि यजमान देशाला हवी असलेली शिल्लक मुदत वेगळी. शेंगेन करारातील देशांचा, म्हणजे आपसांतल्या सीमांवरची पासपोर्ट तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांचा, नियम असा आहे, की त्या प्रदेशातून बाहेर पडण्याच्या नियोजित तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने चालू असला पाहिजे आणि तो गेल्या दहा वर्षांच्या आत दिलेला असला पाहिजे. तुमच्या हिशेबात पंधरा दिवस कमी पडतात. इतर अनेक देश सहा महिने शिल्लक मागतात, आणि त्यातही कोणी ते आगमनाच्या तारखेपासून मोजतो तर कोणी परतीच्या. तेव्हा आधी पासपोर्टचे नूतनीकरण करा आणि मगच व्हिसाच्या अर्जाला हात लावा.

नातेवाइकांच्या म्हणण्यावर विसंबू नका, असे मी आग्रहाने सांगते, कारण हा निर्णय विमानतळावरच्या चेक-इन काउंटरवर होतो आणि तिथे रदबदली चालत नाही. विमान कंपन्यांचे कर्मचारी टिमॅटिक नावाच्या माहितीसंचात प्रत्येक देशाचे प्रवेशाचे नियम पाहतात. हा संच आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयाटा, सांभाळते. अपात्र प्रवासी नेला तर त्याला परत आणण्याची जबाबदारी कंपनीवर येते आणि अनेक देशांत तिला दंडही होतो. साहजिकच काउंटरवरची व्यक्ती कितीही सहृदय असली, तरी तिच्या हातात काही नसते.

तुमच्या पत्रातली दुसरी गोष्ट मला पासपोर्टच्या मुदतीइतकीच महत्त्वाची वाटते. लंडन शेंगेन प्रदेशात नाही. ब्रिटनला जाऊन पॅरिसला परतणे म्हणजे शेंगेन प्रदेशात दुसऱ्यांदा प्रवेश करणे. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल, तर परतीच्या वाटेवर तुम्हाला अडवले जाईल. ब्रिटनची परवानगी वेगळी घ्यावी लागेल ती निराळीच. नकाशावर शेजारी दिसणारे देश एकाच व्यवस्थेत असतीलच असे नाही : आयर्लंड युरोपीय संघात आहे पण शेंगेनमध्ये नाही, आणि स्वित्झर्लंड संघात नाही पण शेंगेनमध्ये आहे.

व्हिसा हातात आला की त्यावरच्या तीन नोंदी स्वतंत्रपणे वाचाव्यात : तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वापरता येईल, किती वेळा प्रवेश करता येईल आणि प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल. पहिल्या आणि तिसऱ्या नोंदीत हमखास गल्लत होते. व्हिसाच्या दोन तारखांमध्ये तीस दिवसांचे अंतर असले आणि मुक्कामाचे दिवस पंधराच लिहिलेले असले, तर पंधराच दिवस राहता येते. ज्या दिवशी उतरला तो आणि ज्या दिवशी निघाला तो, असे दोन्ही दिवस त्यात धरले जातात. अनेक वर्षांचा व्हिसा असलेल्यांनाही शेंगेन प्रदेशात कोणत्याही १८० दिवसांत ९० पेक्षा जास्त दिवस राहता येत नाही, आणि ही १८० दिवसांची खिडकी रोज एकेक दिवसाने पुढे सरकते; नव्या वर्षाबरोबर हिशेब कोरा होत नाही.

प्रश्न : पत्नीचे तिकीट लग्नानंतरच्या नावाने काढले, पण तिच्या पासपोर्टवर माहेरचे आडनाव आहे. विवाहाचा दाखला सोबत ठेवला तर चालेल ना?

दाखल्याच्या भरवशावर निघू नका. तिकिटावरचे नाव पासपोर्टशी जुळले पाहिजे; फोटोच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, त्यांत नाव जसे आहे तसे. विमान कंपनीला आजच कळवा. स्पेलिंगमधली किरकोळ चूक बहुधा दुरुस्त करून मिळते, पण संपूर्ण आडनाव बदलताना कंपनी कागदपत्रे मागते आणि कधी कधी तिकीट रद्द करून नवे काढावे लागते. जितका उशीर तितका खर्च जास्त. हॉटेल, विमा आणि व्हिसाच्या अर्जावरही तेच नाव असू द्या.

प्रश्न : दोन वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटे स्वतंत्रपणे घेतली, तर बरीच बचत होते. मधल्या विमानतळावर तीन तासांचे अंतर आहे. एवढा वेळ पुरेल का?

तासांचा हिशेब करण्याआधी अशा तिकिटांचा अर्थ समजून घेतला पाहिजे. एकाच आरक्षणावर दोन उड्डाणे असतील आणि पहिल्याला उशीर झाल्यामुळे दुसरे हुकले, तर पुढच्या विमानात जागा देणे ही कंपनीची जबाबदारी असते. दोन स्वतंत्र तिकिटांत मात्र दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही केवळ वेळेवर न आलेले प्रवासी असता. ती तुमचे तिकीट वाया गेले असे मानते, आणि त्याच आरक्षणात परतीचे उड्डाण असेल तर तेही सहसा रद्द होते.

सामानाचेही तसेच. स्वतंत्र तिकिटांवर सामान बहुधा शेवटपर्यंत पाठवले जात नाही. मग पहिल्या मुक्कामावर इमिग्रेशन पार करायचे, पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, कस्टम्समधून बाहेर पडायचे आणि पुन्हा चेक-इनच्या रांगेत उभे राहायचे. इमिग्रेशन पार करणे म्हणजे त्या देशात प्रवेश करणे, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा हवा. तो नसेल तर पहिल्या काउंटरवरच तुम्हाला विमानात बसू देणार नाहीत. अमेरिकेत तर एकाच तिकिटावर नुसते विमान बदलायचे असले तरी इमिग्रेशन पार करावेच लागते, त्यामुळे व्हिसा किंवा तत्सम परवानगी लागतेच. ब्रिटन काही देशांच्या नागरिकांकडून विमानतळाबाहेर न पडताही ट्रान्झिट व्हिसा मागतो.

माझे मत विचाराल, तर पहिल्या परदेश प्रवासात, सोबत लहान मुले किंवा वयस्कर माणसे असताना, किंवा ज्या दिवशी पोहोचायचे त्याच दिवशी महत्त्वाचे काम असताना ही बचत करू नये. ती करायचीच असेल, तर मधल्या शहरात एक रात्र मुक्काम धरावा आणि तिथला व्हिसा आधी पाहावा. तीन तास कमी आहेत.

याच संदर्भात मध्यरात्रीनंतरच्या उड्डाणांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी चेक-इनच्या रांगेत माझ्या पुढे एक वयस्कर जोडपे होते. बॅगांना ओळखीसाठी लाल फिती बांधलेल्या होत्या आणि कागद एका पारदर्शक पिशवीत नीट लावलेले होते. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट पाहिले, पडद्याकडे पाहिले आणि हलक्या आवाजात सांगितले, की तुमचे विमान काल गेले. त्या गृहस्थांनी पिशवीतून तिकिटाचा कागद काढला आणि तारखेवर बोट ठेवले. पंधरा तारीख, शून्य वाजून चाळीस मिनिटे. ते पंधरा तारखेच्या रात्री आले होते. पंधरा तारीख सुरू झाल्यावर चाळीस मिनिटांनी सुटणाऱ्या विमानासाठी त्यांनी चौदाच्या रात्री यायला हवे होते. त्या बाई एक शब्दही बोलल्या नाहीत, नुसत्या बॅगेवरच्या फितीची गाठ चाचपत राहिल्या. ते दृश्य मी विसरलेले नाही. ००.०० ते ०४.०० या वेळातले तिकीट असेल, तर घरातून कोणत्या वारी आणि कोणत्या तारखेला निघायचे ते कॅलेंडरवर शाईने लिहून ठेवा, आणि हॉटेलचे आरक्षण करताना उतरण्याची तारीख पुन्हा तपासा. पॅसिफिक महासागरावरून जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते. तेव्हा तर निघण्याच्या आधीची तारीख घेऊन पोहोचणेही शक्य असते.

प्रश्न : आईला मधुमेह आणि रक्तदाब आहे. दीड महिन्याची औषधे सोबत न्यायची आहेत. जागा वाचावी म्हणून गोळ्या पाकिटांतून काढून डब्यात भरल्या आहेत. शिवाय सर्दी-खोकल्याची नेहमीची औषधेही घेतली आहेत. काही काळजी घ्यावी का?

गोळ्या मूळ पाकिटांत परत ठेवा, ही पहिली विनंती. नाव नसलेल्या पांढऱ्या गोळ्या कशाच्या आहेत, हे कस्टम्सच्या अधिकाऱ्याला सांगता येते, पण सिद्ध करता येत नाही. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या आणि तीत औषधांची कंपनीने दिलेली नावे न लिहिता मूळ घटकद्रव्याचे नाव, मात्रा आणि रोजचे प्रमाण लिहून मागा. कंपनीची नावे देशागणिक बदलतात. घटकद्रव्याचे नाव जगभरच्या औषधविक्रेत्याला कळते. औषध हरवले किंवा संपले तर हाच कागद कामी येईल.

इन्सुलिन आणि रोजची सर्व औषधे केबिन बॅगेतच ठेवा. विमानाच्या पोटातल्या सामानकक्षात तापमान फार उतरू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन नंतर पूर्ववत दिसले तरी वापरण्याजोगे राहत नाही. शिवाय बॅग दोन दिवस उशिरा आली तर आईने काय करायचे? केबिनमध्ये १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतून द्रव न नेण्याचा नियम अनेक विमानतळांवर असला, तरी आवश्यक औषधांना त्यातून सवलत असते. ती तपासणीच्या वेळी बाहेर काढून दाखवायची असतात. वेळेतला फरक मोठा असेल, तर इन्सुलिनच्या वेळा कशा सरकवायच्या ते निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या. हा हिशेब विमानात बसून मनाने करू नये.

आता सर्दी-खोकल्याच्या औषधांविषयी. घोटाळा नेमका इथेच होतो, कारण ही औषधे आपल्याला निरुपद्रवी वाटतात. जपानमध्ये ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधे नेण्यास बंदी आहे, आणि अॅम्फेटामिन असलेली औषधे तर डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही नियंत्रित द्रव्ये, म्हणजे आधी परवानगी घेतल्याशिवाय नेता न येणारी द्रव्ये, आहेत, आणि कोडीन खोकल्याच्या काही औषधांत असते. दीड महिन्याचा साठाही काही देशांत प्रश्न निर्माण करतो : जपानमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे एक महिन्यापेक्षा जास्त पुरतील इतकी न्यायची असतील, तर आधी ‘युन्यू काकुनिन-शो’ नावाचा आयात-दाखला घ्यावा लागतो. तुम्ही कुठे जाणार ते पत्रात लिहिलेले नाही, म्हणून त्या देशाच्या दूतावासाच्या किंवा आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक घटकद्रव्य शोधून पाहा. मधल्या थांब्याच्या देशाचे नियमही पाहा.

प्रश्न : पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस निघण्याच्या चार दिवस आधी घेतली तर चालेल का?

चालणार नाही. पहिल्यांदा घेतलेल्या लसीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य होते. ज्यांनी पूर्वी कधी ही लस घेतली आहे, त्यांना मात्र दर दहा वर्षांनी पुन्हा घेण्याची गरज उरलेली नाही. ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र, जुने असले तरी, आयुष्यभर ग्राह्य मानले जाते. ज्यांना वैद्यकीय कारणाने लस घेता येत नाही, त्यांनी तसे लेखी प्रमाणपत्र घ्यावे आणि ते चालेल का, हे त्या देशाच्या दूतावासाला आधी विचारावे.

प्रश्न : परदेशात कार्डाने पैसे देताना यंत्रावर ‘तुमच्या चलनात की स्थानिक चलनात’ असे विचारतात. आपल्या चलनात रक्कम कळते म्हणून मी तोच पर्याय निवडतो. हे योग्य आहे का?

तुमची भावना समजण्यासारखी आहे, पण हा पर्याय बहुतेक वेळा महाग पडतो. स्वतःचे चलन निवडले की रूपांतर तुमची बँक करत नाही, तर त्या दुकानदाराची यंत्रणा स्वतःच्या दराने करते, आणि त्या दरात तिचा नफा मिसळलेला असतो. नेहमी स्थानिक चलन निवडा. दुकानदार घाईने तुमच्यासाठी बटण दाबत असेल, तर त्याला थांबवा आणि पिन टाकण्यापूर्वी पडद्यावरचे चलन पाहा.

एटीएमवर हाच प्रश्न जरा घाबरवणाऱ्या शब्दांत येतो. पडद्यावर रूपांतराचा दर दिसतो आणि खाली ‘ॲक्सेप्ट कन्व्हर्जन’ व ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ अशी दोन बटणे असतात. ‘डिक्लाइन’ दाबले तर व्यवहारच रद्द होईल, या भीतीने माणसे ‘ॲक्सेप्ट’ दाबतात. नकार फक्त रूपांतराला असतो. पैसे तरीही येतात आणि दर तुमच्या बँकेकडचा लागतो.

हॉटेले आणि भाड्याने गाडी देणाऱ्या कंपन्या अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतात. डेबिट कार्ड दिले तर तेवढे तुमचे स्वतःचे पैसे अनेक दिवस अडकतात, म्हणून अशा ठिकाणी क्रेडिट कार्ड द्यावे. रोख रक्कम मोठी असेल तर ती जाहीर करण्यास घाबरू नका. युरोपीय संघात १०,००० युरो किंवा त्याहून जास्त आणि अमेरिकेत १०,००० डॉलरपेक्षा जास्त रक्कम नेण्यास बंदी नाही, ती न सांगणे हा गुन्हा आहे.

प्रश्न : पावर बँक कोणत्या बॅगेत ठेवावी?

केबिन बॅगेत, आणि फक्त तिथेच. लिथियम बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये तो लगेच दिसतो व विझवता येतो. मर्यादा सहसा १०० वॉट-अवर असते (वॉट-अवर हे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे माप). २०,००० मिलिअँपिअर-अवरची, ३.७ व्होल्टची पावर बँक ७४ वॉट-अवर होते, म्हणजे ती चालते. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. विमानात जागा नाही म्हणून दारावर तुमची केबिन बॅग सामानकक्षासाठी घेतली गेली, तर ती देण्यापूर्वी पावर बँक बाहेर काढायला विसरू नका. हा क्षण गडबडीचा असतो आणि चूक तेव्हाच होते.

प्रश्न : मागच्या प्रवासात बॅग आली नाही. दमलेलो होतो म्हणून हॉटेलवर गेलो आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. कंपनीने तक्रार घ्यायला टाळाटाळ केली. आमचे काय चुकले?

पट्टा थांबल्यावर विमानतळाबाहेर पडण्यापूर्वीच सामानाच्या काउंटरवर लेखी नोंद करायला हवी होती. त्या नोंदीला ‘प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट’ म्हणतात आणि तिचा क्रमांक मिळाल्याशिवाय तिथून हलू नये. नोंद न केल्यामुळे तुमचा हक्क आपोआप संपत नाही, पण बॅग आलीच नव्हती हे सिद्ध करणे अवघड होते.

विमान कंपन्यांच्या जबाबदारीविषयीचा १९९९ चा माँट्रिअल करार ज्या प्रवासांना लागू होतो, त्यांत सामानाची मोडतोड झाल्यास ७ दिवसांत आणि सामान उशिरा मिळाल्यास ते मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. ज्या दिवशी यायला हवी होती त्या दिवसापासून २१ दिवसांत आली नाही ती बॅग हरवली असे मानता येते. दावा न्यायालयात न्यायचा असेल तर मुदत दोन वर्षांची आहे. भरपाईला कमाल मर्यादा असते. २८ डिसेंबर २०२४ पासून ती प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे, आणि एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. दागिने, कॅमेरा, मूळ कागदपत्रे या मर्यादेत बसवत बसण्यापेक्षा ती चेक-इनच्या बॅगेत न घालणेच श्रेयस्कर. बंद करण्यापूर्वी उघड्या बॅगेचे एक छायाचित्र काढा आणि नाव, दूरध्वनी व मुक्कामाचा पत्ता लिहिलेला कागद बॅगेच्या आतही ठेवा, कारण बाहेरची चिठ्ठी फाटते.

प्रश्न : मुलगा मित्रांबरोबर जाणार आहे आणि तिथे स्कूटर भाड्याने घेऊन फिरायचे म्हणतो. आंतरराष्ट्रीय परवाना काढला आहे. विमाही आहे. मग काळजीचे कारण नाही ना?

आहे. आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे मूळ परवान्याचे अधिकृत भाषांतर असते. मूळ परवाना सोबत नसेल तर एकट्याने त्याला काही अर्थ नाही. मूळ परवाना फक्त मोटारीचा असेल, तर परदेशातही दुचाकी चालवता येत नाही. शिवाय हा परवाना रस्ता वाहतुकीविषयीच्या कोणत्या करारानुसार दिला आहे ते पाहावे लागते : जपान १९४९ च्या जीनिव्हा कराराखालचाच परवाना मानतो, व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचा मानतो, आणि चीनच्या मुख्य भूमीवर दोन्ही चालत नाहीत.

भाड्याने देणारा दुकानदार यातले काहीच विचारत नाही, म्हणून मुलांना सगळे ठीक वाटते. अपघात झाल्यावर विमा कंपनी मात्र पहिला प्रश्न वैध परवान्याचा विचारते, आणि तो नसेल तर बहुतेक पॉलिसींमध्ये रुग्णालयाचा खर्चही मिळत नाही. पॉलिसीतील वगळलेल्या गोष्टींचे पान मुलासोबत बसून वाचा. दुचाकी, हेल्मेट, मद्यपान आणि साहसी खेळ यांविषयीच्या अटी तिथेच असतात. आणि अनामत म्हणून दुकानात पासपोर्ट ठेवू नको, हे त्याला बजावून सांगा. गाडीला ओरखडा पडला म्हणून मनमानी पैसे मागितले गेले, तर पासपोर्ट त्यांच्या हातात असताना त्याला काहीही बोलता येणार नाही.

प्रश्न : परदेशात पासपोर्ट हरवल्याची तक्रार दिली आणि दोन दिवसांनी तो हॉटेलच्या तिजोरीतच सापडला. अशा वेळी तक्रार मागे घेऊन तोच वापरावा का?

वापरू नये. हरवल्याची नोंद झाली की पासपोर्ट रद्द केला जातो आणि त्याचा क्रमांक इंटरपोलच्या चोरीस गेलेल्या व हरवलेल्या प्रवासी कागदपत्रांच्या संचात जाऊ शकतो. अनेक देशांचे इमिग्रेशन अधिकारी तो संच तपासतात. तक्रार मागे घेतली तरी रद्द झालेला क्रमांक सहसा पुन्हा चालू होत नाही, आणि तुमच्याच नावाच्या, तुमच्याच फोटोच्या पासपोर्टवर तुम्हाला बाजूच्या खोलीत बसवले जाते.

म्हणून तक्रार देण्यापूर्वी खोली, तिजोरी, बॅगांचे आतले कप्पे आणि आदल्या दिवशीचे कपडे शांतपणे तपासा. खरोखरच हरवला असेल, तर आधी पोलिसांत नोंद करून तिची प्रत घ्या आणि मग आपल्या दूतावासात जा. पासपोर्टच्या फोटोच्या पानाची व व्हिसाची छायाप्रत आणि दोन छायाचित्रे जवळ असतील, तर काम लवकर होते. तिथे मिळणारे तातडीचे प्रवासपत्र बहुधा मायदेशी परतण्यापुरतेच असते, त्यामुळे पुढच्या देशांचे बेत रद्द करावे लागू शकतात. ज्या देशात तुम्ही आहात तो नव्या कागदावर बाहेर जाण्याची वेगळी परवानगी मागतो का, हे दूतावासातच विचारून घ्या. सापडलेला जुना पासपोर्टही तिथेच नेऊन द्या आणि दिल्याची पोच घ्या.